निळे छत, गवती टोपली आणि एक मौन

गृहसजावटीच्या सचित्र ग्रंथांत 'सदर्न कोस्टल' नावाची एक शैली आढळते. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना व जॉर्जिया या राज्यांचा किनारा ही तिची भूमी. पांढऱ्या लाकडी भिंती, रुंद पडवी, पडवीत टांगलेला झोपाळा, वर फिक्या निळ्या रंगाचे छत आणि कोपऱ्यात गवताने विणलेल्या टोपल्या. या साऱ्याला 'निवांत' हे विशेषण हटकून लावले जाते. ही निवांतता कोणाच्या श्रमांवर उभी राहिली, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. साहित्याचे अध्यापक म्हणून संहितेतील मौनाकडे पाहण्याची आम्हांला सवय आहे. घर हीही एक संहिता मानली, तर या घराचे वाचन कसे करता येईल?

प्रारंभ पडवीपासून करू. १६७० मध्ये वसलेल्या चार्ल्स्टनमध्ये 'सिंगल हाउस' हा घरांचा एक खास प्रकार विकसित झाला. हे घर एका खोलीइतकेच रुंद असते, त्याची अरुंद बाजू रस्त्याकडे असते आणि लांब बाजूला पडवी असते. तिला तेथे 'पिआझा' म्हणतात. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ चौक. चार्ल्स्टनमध्ये त्याची पडवी झाली. ती बहुधा दक्षिणेला वा पश्चिमेला असते, म्हणजे ऊन अडते आणि समुद्रावरचा वारा घरात खेळतो. आज जी शैली वाटते, ती मुळात दमट उकाड्यावरची तोड होती. परंतु त्या वाऱ्यात विसावण्याची सवड सर्वांना नव्हती. अठराव्या शतकाच्या आरंभीच या वसाहतीत गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांची संख्या अधिक झाली होती, आणि त्यांतील बहुतेक गुलाम होते.

आता छताचा निळा रंग. तेथे त्याला 'हेंट ब्लू' म्हणतात. 'हेंट' म्हणजे भूत. भुतांना पाणी ओलांडता येत नाही आणि हा रंग त्यांना पाण्यासारखा भासतो, असा लोकसमज. तो गल्ला-गीची समाजाशी, म्हणजे या किनाऱ्यावर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांच्या वंशजांशी, जोडला जातो. निळीचा या भूमीशी असलेला संबंध समजुतीपुरता नाही. १७४०च्या दशकात एलायझा लुकास या तरुणीने येथे निळीची लागवड यशस्वी केली, असे इतिहास सांगतो. त्यामागील गुलामांचे कसब आणि हौदांत पाला कुजवून तो घुसळण्याचे कष्ट तळटिपेत जातात. अमेरिकन क्रांतीनंतर ब्रिटिशांचे अनुदान संपले, तेथील नीळ मागे पडली आणि ब्रिटनने बंगालकडे मोर्चा वळवला. १८५९चा नीळ-विद्रोह, दीनबंधु मित्रांचे 'नीलदर्पण' (१८६०) आणि १९१७चे चंपारण आपल्याला ठाऊक आहे. त्या पडवीचे छत आपल्याला वाटते तितके परके नाही.

टोपलीची कथा अधिक बोलकी आहे. गवताच्या जुड्या वेटोळ्याने शिवत नेण्याची ही रीत पश्चिम आफ्रिकेतून आली. तिचे एक जुने रूप म्हणजे भात पाखडण्याचे पसरट सूप. किनाऱ्यावरील भातशेतीने मळेवाल्यांना अमाप धन दिले. ते भात उखळात कांडणारे आणि सुपात पाखडणारे हात गुलामांचे होते. भातशेती संपली, सूप मात्र शोभेची वस्तू होऊन टिकले. २००६ मध्ये दक्षिण कॅरोलायनाने या टोपलीला राज्याच्या हस्तकलेचा दर्जा दिला. तिला लागणारे 'स्वीटग्रास' मात्र किनाऱ्यावरील बांधकामांमुळे दुर्मिळ होत गेले. टोपलीचा गौरव आणि गवताचा ऱ्हास एकाच काळात घडावेत, हा योगायोग आम्हांला वाटत नाही.

कारण प्रश्न जमिनीचा आहे. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या अनेक कुटुंबांनी येथील बेटांवर जमिनी मिळवल्या. मृत्युपत्राअभावी त्या पिढ्यान्‌पिढ्या सामाईक राहिल्या. १९५६ मध्ये हिल्टन हेड बेटाला पूल जोडला गेला, पाठोपाठ पर्यटन आले, कर वाढले. एका वारसाचा हिस्सा विकत घेऊन न्यायालयामार्फत संपूर्ण जमीन विक्रीला काढण्याचे प्रकारही या प्रदेशात घडले. उभ्या राहिलेल्या काही कुंपणबंद वसाहतींच्या नावांत 'प्लँटेशन' हा शब्द अभिमानाने मिरवतो. ज्या शब्दात एका समाजाच्या यातना साठल्या आहेत, तोच दुसऱ्याला निवांतपणाचे आश्वासन वाटतो. शब्दार्थाचे याहून विदारक उदाहरण वर्गात आम्ही क्वचितच देऊ शकू.

असे घर सजवूच नये, असे आमचे म्हणणे नाही. पडवी सुखद आहे, निळा रंग डोळ्यांना निववतो आणि टोपली विणणाऱ्या स्त्रियांचा चरितार्थ तिच्या विक्रीवर चालतो. परंतु वस्तू घरात घेताना तिचा इतिहास उंबऱ्याबाहेर ठेवणे ही अभिरुची नव्हे, विस्मृती होय. निळे छत भुतांना दूर ठेवते म्हणतात. भूतकाळाला तरी ते दूर ठेवू शकलेले नाही.