‘स्कॅन’ या शब्दाची वाटचाल

जुन्नरच्या बाजारात भाजी घेऊन पैसे द्यावयास मोबाइल पुढे केला की भाजीवाली म्हणते, “स्कॅन करा.” रुग्णालयातले डॉक्टरही हाच शब्द उच्चारतात. क्षणात उरकावयाच्या कामास आपण लावलेला हा शब्द मूळचा मात्र मोठा सावकाश चालणारा आहे. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे, आणि तिच्यासाठी थोडा घाटही चढावा लागेल.

लॅटिन भाषेत ‘स्कांदेरे’ म्हणजे चढणे. आपल्या संस्कृतातील ‘स्कंद्’, म्हणजे उडी घेणे, हा धातू त्याचाच भाऊबंद. उत्तरकालीन रोमन वैयाकरण पद्याचे चरण मोजीत, तेव्हा पाऊल उचलावे व टेकावे तशी ती मोजणी चाले. म्हणून तिलाच ते ‘चढणे’ म्हणू लागले. इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द आला तो याच अर्थाने. आपणही पद्याच्या भागास चरणच म्हणतो, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मात्रा मोजणारास एकही अक्षर गाळून चालत नाही. त्यामुळे सोळाव्या शतकात त्या क्रियापदास ‘बारकाईने तपासणे’ हा अर्थ चिकटला, आणि शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या तोंडी ते याच अर्थाने आले आहे. ‘वरवर नजर फिरविणे’ हा उलटा अर्थ अगदी अलीकडचा, विसाव्या शतकातला. पण त्याबद्दल इंग्रजांस हसण्याचे कारण नाही. आपले ‘चाळणे’ पाहा. धान्य चाळणारी गृहिणी खडा सोडीत नाही, आणि पुस्तक चाळणारा ते वाचीत नाही!

या दोन अर्थांमधील अंतर मला पुस्तकात उमगले नाही, नाणेघाटात उमगले. आंबेगाव तालुक्यातील शाळेत मी मास्तरकी केली. मुलांना घेऊन मी पुष्कळदा तेथे जात असे. कोकणातून चढून येणाऱ्या जुन्या वाटेच्या माथ्यावर सातवाहनांचे लेणे आहे. मागील भिंतीवर राजकुलाच्या मूर्ती होत्या. त्या नष्ट झाल्या. पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे उरली: सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा सिरि सातकणि, महारठी त्रनकयिर. मुले आत डोकावत, मोबाइलवर छायाचित्र काढीत आणि म्हणत, “पाहून झाले, सर!”

बाजूच्या दोन भिंतींवर दहा-दहा ओळींचा ब्राह्मी लेख आहे. कर्नल साइक्सने त्याची नोंद प्रथम केली. पुढे भगवानलाल इंद्रजी या पंडिताने तो अक्षर-अक्षर लावला. त्यातील अंकांवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. आपल्या आजच्या अंकांच्या पूर्वजांपैकी काही तेथे आहेत. यज्ञांच्या दक्षिणांची ती यादी आहे: १,७०० गायी व १० हत्ती, ११,००० गायी व १,००० घोडे, २४,४०० कार्षापण. एक खूण चुकली की शेकड्याचे हजार होणार! बूलर यांनी संपूर्ण लेख १८८३ मध्ये प्रसिद्ध केला.

तरी तपासणी संपली नाही. आरंभीच्या नमनात एका राजाचे नाव येते. बूलर यांनी ते ‘वेदिसिरि’ वाचले. ते ‘खंदसिरि’, म्हणजे स्कंदश्री, असे वाचावे, असा पक्ष पुढे निघाला. झिजलेल्या एक-दोन अक्षरांचा हा वाद. पण पुराणांतील वंशावळीशी त्या राजाचा मेळ बसतो की नाही, हे त्या अक्षरांवरच ठरावयाचे आहे. माझे मत विचाराल तर भिंतीपाशी वाकून पाहिल्यावर कोणताही पक्ष ठामपणे घेण्याचे धैर्य मला झाले नाही.

शेवटच्या सहलीच्या वेळी मी मुलांना फळ्यावर दोनच अक्षरे शिकवून नेली होती. ब्राह्मीतील ‘न’ म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ, आणि ‘म’ जवळजवळ माशासारखा. “या भिंतीवर ‘नमो’ शोधा,” एवढेच सांगितले. मोबाइल खिशात गेले. दुपारपर्यंत त्यांना तीन ‘नमो’ सापडले. तिसऱ्याच्या पुढचे काय, असे एका मुलीने विचारले, आणि ती बोट लावून दाखवीत होती ती ओळ नेमकी त्या वादग्रस्त नावाची होती.