उघडमीट करणारे छप्पर

लहानपणी नागपंचमीच्या कुस्त्या पाहायला वडील मला बोटाला धरून गोदाकाठी घेऊन गेले होते. शेवटची कुस्ती ऐन रंगात आली आणि नाशकाच्या पावसाने नेमकी तीच वेळ साधली! मातीचा चिखल झाला, पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. वडिलांनी खांद्यावरचे उपरणे माझ्या डोक्यावर धरले व म्हणाले, "आखाड्याला छप्पर हवे होते." मग स्वतःच हसले, "पण छप्पर घातले तर एवढा उजेड आणि वारा कुठून येणार?"

हवे तेव्हा असावे, नको तेव्हा नसावे, असे छप्पर कोणी केले असेल का? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून राहिला.

त्याचा माग काढीत गेलो, तो थेट रोमला पोचलो. तेथले कलोसियम इ. स. ८० मध्ये खुले झाले. सुमारे ५०,००० माणसे बसतील असे हे प्रचंड रंगण. त्याच्या माथ्यावर २४० डोलकाठ्या उभारण्याची सोय होती. त्यांना दोरखंड बांधून प्रेक्षकांवर कापडाचे छत ओढीत. काम शिडे हाताळण्याचेच. म्हणून त्यावर नेमणूक होती आरमारातल्या खलाशांची! पाँपेईच्या भिंतींवर खेळांच्या जाहिराती सापडल्या आहेत. त्यांतही सावलीची सोय असल्याचे आवर्जून सांगितलेले दिसते.

पण छताची दोरी ज्याच्या हाती, सत्ताही त्याचीच. कलोसियमच्या आधी होऊन गेलेला सम्राट कॅलिग्युला भर उन्हात छत मागे ओढायला लावी आणि कोणालाही बाहेर जाऊ देत नसे, असे इतिहासकार स्यूटोनियस लिहितो.

आपल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या विलायतवारीत हेच कलोसियम पाहिले आणि त्यावरून कोल्हापुरात खासबाग मैदान उभे केले. ते १९१२ मध्ये पुरे झाले. महाराजांनी रोमची उतरती बैठक तेवढी घेतली. मागे बसलेल्या गरिबालाही हौदा स्पष्ट दिसावा, ही त्यातली खुबी. वर मात्र आभाळच राहिले.

यंत्राने सरकणारे मोठे छप्पर यायला १९६१ साल उजाडले. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात सुमारे ४१५ फूट व्यासाचा पोलादी घुमट उभा राहिला. त्याच्या आठ पाकळ्या. दोन स्थिर, सहा सरकत्या. आत एकही खांब नाही. बाहेरून वाकून आलेला एक पोलादी हात सारा भार तोलून धरी. चांदण्यात संगीतिका पाहाव्यात ही मूळ हौस. पुढे तेथे बर्फावरची हॉकी रंगू लागली.

वाचकहो, हे वाचून मीही हरखून गेलो होतो. पण पुढचे पान उलटले आणि मन खट्टू झाले. या घुमटाला आणि त्याच्या परिसराला जागा करण्यासाठी, बहुतांशी कृष्णवर्णीयांची वस्ती असलेला एक मोहल्ला जमीनदोस्त करण्यात आला. सुमारे ८,००० माणसांच्या डोक्यावरचे छप्पर गेले, तेव्हा खेळाला छप्पर मिळाले! आणि तो घुमट तरी कुठे टिकला? २०११-१२ मध्ये तोही पाडून टाकला.

माँट्रियलची कथा तर हसावे की रडावे अशी. १९७६ च्या ऑलिंपिकसाठी योजलेले कापडी छप्पर बसले १९८७ मध्ये! ते वाऱ्याने वारंवार फाटू लागले, तेव्हा १९९८ मध्ये तेथे न उघडणारे छप्पर घातले. टोरांटोत मात्र १९८९ पासून पोलादी छप्पर सरकू लागले. मेलबर्नला २००० साली बंद छपराखाली आंतरराष्ट्रीय क्रिकेटही झाले.

आता वडील नाहीत. एवढा सारा इतिहास धुंडाळल्यावर त्या दिवसाची एक गोष्ट मला उशिरा उमगली. उपरण्याखाली मी कोरडा राहिलो होतो. ते धरणारे वडील मात्र नखशिखान्त भिजले होते. आता कोठे नवे छप्पर उभे राहिल्याचे वाचले की मी आधी हेच पाहतो, की त्याच्यापायी भिजले कोण?