स्वादुपिंडाचे कलम

इसवी सन १८९३ च्या डिसेंबरात इंग्लंडातील ब्रिस्टलच्या रॉयल इन्फर्मरीत पंधरा वर्षांचा एक मुलगा मधुमेहाने मरणपंथाला लागला होता. वॉटसन-विल्यम्स नावाच्या डॉक्टरांनी नुकत्याच मारलेल्या मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे त्याच्या कातडीखाली बसवविले. तीन दिवसांनी मुलगा वारला. आज या प्रयोगाला हसणे सोपे आहे. आम्हांस मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. त्या मुलापाशी दुसरा उपायच नव्हता. अन्न तोडावे आणि मरण थोडे पुढे ढकलावे, एवढेच त्या काळचे वैद्यक जाणत होते. श्रोत्यांनी हा मुलगा ध्यानात ठेवावा; कारण आम्हांला विचारावयाचे आहे ते हे की, ज्याच्यापाशी दुसरा उपाय आहे, त्याच्यावर अशी शस्त्रक्रिया करावी काय?

डॉक्टरांना मेंढीचे स्वादुपिंड सुचले तरी कसे? जठरामागे आडवे पडलेले हे इंद्रिय अन्न पचविणारा रस आतड्यात सोडते, इतके पूर्वीच ठाऊक होते. १८६९ साली लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकातून त्यात पेशींचे निराळे पुंजके दिसले, समुद्रात बेटे दिसावीत तसे. त्यांचे काम काय, हे त्यालाही उमगले नाही. पुढे १८८९ साली स्ट्रासबर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्याला मधुमेह जडला. त्याच्या मूत्रावर माशा जमल्या म्हणून शोध लागला, अशी एक रंगतदार गोष्ट सांगतात. परंतु मिंकोव्स्कीने मूत्रातील साखर तपासली, हे त्यातले खरे महत्त्वाचे. त्याचा पुढचा प्रयोग अधिक चातुर्याचा होता. पिंडाचा एक तुकडा त्याने पोटाच्या कातडीखाली आणून रुजविला व उरलेले पिंड काढले. मधुमेह झाला नाही. मग तो तुकडाही काढला, तो मधुमेह हजर! म्हणजे पाचक रसाशी या रोगाचा संबंध नव्हता. पिंडातून थेट रक्तात काही तरी उतरत होते.

ते 'काही तरी' टोरोंटोत बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड आणि कॉलिप यांनी हाती आणले. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्शुलिन टोचले गेले आणि तो जगला. कलमाची गरज संपली, असेच कोणासही वाटले असते. पण इन्शुलिनने मरण टळले, रोग टळला नाही. १९३६ साली किमेलस्टील व विल्सन यांनी मधुमेह्यांच्या मूत्रपिंडात होणारी विशिष्ट विकृती वर्णिली. सुईच्या आधारे पंधरा-वीस वर्षे काढलेल्या तरुणांचे डोळे जाऊ लागले, मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. दिवसाकाठी दोन-तीनदा टोचून घेणे आणि क्षणाक्षणाला रक्ताची साखर पाहून हवा तेवढाच थेंब सोडणे, यांत महदंतर आहे. हे दुसरे काम फक्त जिवंत पिंडच करीत होते.

म्हणून १७ डिसेंबर १९६६ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात केली आणि लिलेहाय या शस्त्रवैद्यांनी अठ्ठावीस वर्षांच्या एका स्त्रीला मृत दात्याचे मूत्रपिंड व त्याबरोबर स्वादुपिंडाचा भाग बसविला. सहा दिवस तिला इन्शुलिन लागले नाही. पण काही महिन्यांतच ती दगावली. केपटाऊनच्या हृदयरोपणाने जग दुमदुमले ते याच्या एका वर्षानंतर. या बाईची वार्ता फारशी कोणाच्या कानी गेली नाही. लिलेहाय थांबले नाहीत. १९७३ पर्यंत त्यांनी आणखी तेरा रोपणे केली. त्यांतले एकच कलम वर्षभराहून अधिक टिकले.

अडचण दुहेरी होती. पहिली त्या पाचक रसाची. जो रस मांस पचवितो तो वाट न मिळाल्यास स्वतःच्या पिंडालाच खातो. लिओं येथे द्युबेर्नार यांनी नळीत रबरासारखा पदार्थ भरून ती बुजविली. विस्कॉन्सिनच्या सोलिंगर यांनी तो रस मूत्राशयात सोडला. त्यामुळे मूत्र तपासून कलमाची प्रकृती कळू लागली, पण दाह व्हावयाचा. शेवटी बहुतेकांनी निसर्गाचीच, आतड्याची वाट धरली. दुसरी अडचण परक्या अवयवाला शरीर नाकारते ही. नॉर्वेतील मातीत सापडलेल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन निघाले. केंब्रिजच्या रॉय कान यांनी १९७९ मध्ये ज्या चौतीस रोग्यांचा वृत्तांत दिला, त्यांत दोन स्वादुपिंडेही होती. तेव्हापासून या शस्त्रक्रियेला बळ आले.

तिसरी अडचण कोणाच्या स्वप्नीही नव्हती. मिनेसोटातच सदरलँड यांनी जुळ्या भावंडांवर ही शस्त्रक्रिया केली. दोघे एकाच बीजाचे, एकाला लहानपणापासून मधुमेह, दुसरा निरोगी. निरोग्याचे अर्धे पिंड रोग्याला दिले. रक्तमांस एकच, मग नाकारणार कोण? म्हणून प्रतिकार दाबणारी औषधे दिली नाहीत. साखर लगेच ताळ्यावर आली, आणि काही आठवड्यांत पुन्हा वाढली. तुकडा काढून पाहिला तो पिंड शाबूत, बेटेही जागेवर. फक्त इन्शुलिन करणाऱ्या पेशी तेवढ्या वेचून मारलेल्या! शरीराने भावाला नव्हे, त्या पेशींना शत्रू मानले होते. बालपणी जडणारा मधुमेह हा घरभेद्याचा रोग आहे, याचा इतका लख्ख पुरावा माणसात पूर्वी मिळाला नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केवळ स्वादुपिंड रोपलेल्या आठ रोग्यांची मूत्रपिंडे तपासली होती. पाच वर्षांनी विकृती होती तशीच. दहा वर्षांनी ती ओसरलेली आढळली. हा लाभ लहान नव्हे. पण त्यासाठी मोठी शस्त्रक्रिया आणि जन्मभराची औषधे, शिवाय ती घेताना जंतुसंसर्गाचे व कर्करोगाचे वाढते भय. ज्याला मूत्रपिंड बसवावयाचेच आहे, त्याला ही औषधे एरवीही घ्यावीच लागतात. त्याने स्वादुपिंडही घ्यावे, हे आम्हांस पटते. ज्याचे इन्शुलिनवर बरे चालले आहे, त्याने एक ताबेदारी सोडून दुसरी पत्करण्यात अर्थ नाही. साखर अकस्मात उतरून जे वारंवार बेशुद्ध पडतात, त्यांची गोष्ट निराळी. सभागृहात बिनसाखरेचा चहा घेणारे पुष्कळ असतील. त्यांतील बहुतेकांचा मधुमेह प्रौढपणी आलेला, आणि त्यावर हा उपाय सहसा नसतो.

शिवाय पिंड यावयाचे कोठून? मेंदूमृत दात्याचे अवयव घेण्यास आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने वाट मोकळी झाली. तो संसदेने करावा असा ठराव करणाऱ्या राज्यांत गोवा, हिमाचल प्रदेश आणि आपला महाराष्ट्र होता. तरीही दाते थोडेच.

अख्खे पिंड न बसविता केवळ बेटेच यकृताच्या शिरेत सोडावीत, असाही मार्ग निघाला. कॅनडातील एडमंटन येथे २००० साली सात रोग्यांची सुई अशी सुटली. पाच वर्षांनी पाहता तेथील रोग्यांत दहांपैकी सुमारे एकाचीच सुटलेली राहिली होती. मूलपेशींपासून प्रयोगशाळेत वाढविलेली बेटेही आता आली आहेत. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात पूर्ण मात्रा घेतलेल्या बारांपैकी दहांना वर्षाअखेर इन्शुलिन लागत नव्हते. मेंढी नको, दाता नको. प्रतिकार दाबणाऱ्या गोळ्या मात्र त्या दहांनाही चालूच होत्या.