अर्धवाहकांचे स्फटिक आणि पातळ थर
संगणकाच्या चिपसाठी लागणारा सिलिकॉनचा अखंड स्फटिक १४१४ अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या सिलिकॉनच्या रसातून, संथपणे फिरवत वर ओढला जातो. पोलिश शास्त्रज्ञ यान चोख्राल्स्की यांनी १९१६ मध्ये धातूंसाठी शोधलेल्या या पद्धतीला आज महागडी यंत्रसामग्री लागते.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे व सहकाऱ्यांनी अर्धवाहकांचे पातळ थर रासायनिक द्रावणातून तयार करण्यावर प्रदीर्घ संशोधन केले. द्रावणात बुडवलेल्या काचेवर कॅडमियम सल्फाइडसारख्या संयुगाचा थर शंभर अंशांखालीच बसतो. निर्वात कक्षाची गरज नसते. हे थर असंख्य सूक्ष्म स्फटिकांचे असल्याने चिपमधील अखंड स्फटिकाची जागा घेत नाहीत. मात्र सौरघट व वायुसंवेदकांसाठी उपयुक्त ठरतात. मर्यादित निधीतही अर्धवाहक संशोधन शक्य होते, ते यामुळेच.