मोडी आणि माझा रेझ्युमे

दिवाळीत वाशीला गेलो तेव्हा पणजोबांचा मोडीतला एक कागद सापडला. घरात तो वाचणारं आता कुणीच नाही! मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवायची. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. हात न उचलता भरभर लिहायची सोय. पण ती लिहिणाऱ्याची. सरावलेल्या कारकुनांचं काही अडत नसे. छपाई आली, वाचक अनोळखी झाला आणि सुटसुटीत बाळबोध पुढे गेली. १९५०च्या सुमारास मोडी व्यवहारातून जवळपास गेलीच.

माझा तीन पानी, खच्चून भरलेला रेझ्युमे आठवला. सहा महिन्यांत एक कॉल नाही. आता एकच पान, ठळक मथळे, मध्ये मोकळी जागा. नोकरीचं बघू, निदान वाचतील तरी! तुमचाही एकदा अनोळखी नजरेने बघा राव.