चावीवरचं पाणी आणि वाड्यातला एक मीटर

पाणीपट्टीची अभय योजना आली की गरिबाला दिलासा मिळाला म्हणतात. मला पटत नाही. दंडमाफी मिळते ती थकबाकीदाराला, मग तो बंगलेवाला का असेना. पोटाला चिमटा घेऊन वेळेत बिल भरणाऱ्या बाईला त्यात काय?

मंडळी, कोल्हापुरात जुनी सवलत चावीत होती. (बाहेरच्यांसाठी : चावी म्हणजे नळ.) कळंबा तलावाचं पाणी एकोणिसाव्या शतकातच शहरात आलं. शाहू महाराजांनी १९१९ च्या हुकुमानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले केले. पुढं गल्लीतल्या चावीवर घागरीला बिल नसायचं. रांगा होत्या, भांडणं होती, बायकांच्या कमरा मोडायच्या. ते दिवस परत नकोतच.

पण मीटर आला आणि गोम झाली. वापर वाढेल तसा दर चढतो. वाड्यात पाच भाडेकरू एकाच मीटरवर असले की सगळ्यांचं पाणी मिळून वरच्या टप्प्यात जातं. माणशी वापर कमी, दर मात्र बंगल्याचा!

दक्षिण आफ्रिकेनं २००१ पासून कुटुंबाला महिना ६ हजार लिटर मोफत ठरवलं. आपण निदान मीटरमागची कुटुंबं मोजून टप्पा तेवढ्या पटीनं वाढवूया. रेशनकार्डं आहेतच की.