पाठीच्या कण्याची वक्रता आणि किशोरवयातील पोटाच्या तक्रारी

स्कोलिओसिस म्हणजे पाठीचा कणा एका बाजूला वळणे आणि त्याच वेळी थोडा पिळला जाणे. एक्स-रेवर मोजलेला वक्रतेचा कोन १० अंश किंवा त्याहून अधिक असेल, तर स्कोलिओसिसचे निदान होते. सुमारे २ ते ३ टक्के किशोरवयीन मुलांमध्ये तो आढळतो आणि बहुतेकांमध्ये त्याचे नेमके कारण सापडत नाही. वक्रता वाढत जाण्याची शक्यता मुलींमध्ये जास्त असते.

अशा मुलांना भूक न लागणे, पोट गच्च वाटणे, छातीत जळजळ किंवा बद्धकोष्ठता असा त्रास होऊ लागला की हे पाठीमुळेच होते का, असा प्रश्न पालकांना पडतो. वक्रता किती आहे आणि तिच्यावर कोणते उपचार चालू आहेत, यावर त्याचे उत्तर ठरते.

सौम्य वक्रतेमुळे पचन बिघडते का?

सहसा नाही. ‘कण्यात नस दबल्यामुळे पोट बिघडते’ असे अनेकदा सांगितले जाते. मात्र जठर आणि आतड्याच्या बऱ्याच भागाचे काम चालवणारी व्हेगस ही चेता मेंदूतून निघून मान व छातीमार्गे पोटात उतरते; ती कण्यातून जात नाही. कण्यातून पोटाकडे जाणाऱ्या इतर चेताही सौम्य वक्रतेत सहसा दबत नाहीत. त्यामुळे अशा मुलांच्या पोटदुखीमागे इतर मुलांमध्ये आढळणारी कारणेच आधी तपासावीत : सकाळी न खाता बाहेर पडणे, पाणी व चोथायुक्त पदार्थ कमी पडणे, शाळेतील स्वच्छतागृह टाळणे, परीक्षेचा ताण.

वक्रता खूप मोठी असेल, तर छाती व पोटातील जागा कमी होऊन थोड्या जेवणानेही पोट भरल्यासारखे वाटू शकते. सेरेब्रल पाल्सी किंवा स्नायूंच्या आजारामुळे कणा वाकला असेल, तर बद्धकोष्ठता आणि अन्न घशाशी येणे या तक्रारी बऱ्याचदा दिसतात. तिथे त्यांचे मूळ बहुधा त्या आजारात आणि कमी हालचालीत असते.

ब्रेस आणि पोट

वाढीच्या वयात वक्रता साधारण २५ ते ४० अंश असेल, तर ब्रेस, म्हणजे धडाभोवती बसणारा कडक पट्टा, सुचवला जातो. तो बऱ्याचदा दिवसातले १८ तास किंवा अधिक घालावा लागतो. त्याचा दाब पोटावर येतो. त्यामुळे लवकर पोट भरते, जळजळ होते, काहींचे जेवण कमी होते.

या त्रासाला कंटाळून मुले ब्रेस काढून ठेवतात आणि खरे नुकसान तिथे होते. अमेरिका व कॅनडातील २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांची वक्रता शस्त्रक्रियेच्या टप्प्याआधीच थांबली. केवळ देखरेखीखाली ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण ४८ टक्के होते. ब्रेस जितके जास्त तास घातला, तितका फायदा अधिक दिसला.

म्हणून ब्रेस न सोडता जेवणाची पद्धत बदलावी. दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. शेंगदाण्याचा लाडू, अंडे, दही, केळे असे कमी प्रमाणात जास्त ताकद देणारे पदार्थ निवडावेत. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. जेवणापुरता ब्रेस सैल करता येईल का, हे डॉक्टरांनाच विचारावे. त्रास कायम राहिला, तर ब्रेस बनवणाऱ्या तज्ज्ञाकडून तो तपासून घ्यावा. दर महिन्याला वजन नोंदवावे.

शस्त्रक्रियेनंतरची उलटी

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस आतड्यांची हालचाल मंदावते. भूल, अफूवर्गीय वेदनाशामके आणि अंथरुणावर पडून राहणे ही त्याची कारणे. बद्धकोष्ठता जवळपास अपेक्षितच असते. लवकर चालायला लागणे, पाणी आणि मल मऊ करणारी औषधे यांनी ती आटोक्यात येते.

याहून वेगळी आणि गंभीर गुंतागुंत क्वचित घडते. लहान आतड्याच्या सुरुवातीचा एक भाग महारोहिणी आणि तिच्यापासून खाली निघणारी आतड्याची रोहिणी यांच्या मधून जातो. कणा सरळ झाल्यावर धड लांबते, दोन रोहिण्यांमधला कोन अरुंद होतो आणि आतडे चिमटीत सापडल्यासारखे दबते. याला सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरी सिंड्रोम म्हणतात. बारीक अंगकाठीच्या मुलांना धोका अधिक असतो, कारण त्या जागेत गादीसारखे काम करणारी चरबी त्यांच्यात कमी असते.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत, कधी घरी परतल्यावर, वारंवार हिरवट-पिवळ्या उलट्या आणि पोट फुगणे ही त्याची खूण. डाव्या कुशीवर किंवा पालथे झोपल्यावर काहींना बरे वाटते. याला ॲसिडिटी समजून घरी औषध देत राहिल्यास शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने कमी होतात. वेळेत निदान झाले, तर नाकातून नळी घालून जठर रिकामे करणे आणि दबलेल्या भागाच्या पुढे पोषण पोहोचवणे एवढ्यावर बहुतेक मुले बरी होतात. शस्त्रक्रियेआधी वजन सुधारणे महत्त्वाचे मानले जाते, ते यासाठीही.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

• हिरवट किंवा रक्तमिश्रित उलटी
• पोट फुगून शौच व वायू दोन्ही बंद होणे
• काळी शौच, विशेषतः वेदनाशामके चालू असताना
• बद्धकोष्ठतेसोबत पायात अशक्तपणा, बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे. यामागे मज्जारज्जूचा विकार असू शकतो

वजन सतत घटत असेल किंवा मूल जेवण टाळत असेल, तर तेही पुढच्या भेटीपर्यंत थांबवून न ठेवता डॉक्टरांना कळवावे.